गर्भ भलत्या जागी राहिला तर

तुम्ही म्हणाल, गुरुजींना बायकांच्या दुखण्यातले काय कळते? खरे आहे. पण मी डॉक्टरांना विचारून हे समजून घेतले. लाजेपायी गप्प बसले, तर बाईचा जीव जातो. म्हणून बोलतो.

पिंपळाचे बी भिंतीच्या फटीत रुजले तर काय होते? मुळे वाढतात आणि भिंत तडकते. गर्भाचेही तसेच आहे. त्याची जागा गर्भपिशवीत. पिशवीच्या दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. कधी कधी गर्भ नळीतच रुजतो. शंभर गरोदर बायांत एखाद-दुसरीला असे होते. गर्भ वाढला की नळी फुटते. पोटात रक्त साठते. बाहेर मात्र थोडाच डाग दिसतो. असा गर्भ जगत नाही. आईला मात्र वाचवता येते. यात तिचा काही दोष नसतो.

आपल्या बीड जिल्ह्यातली पुष्कळ जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. फडात बाईचे पोट दुखते. ती म्हणते, "मोळी उचलली म्हणून दुखतंय." नवरा म्हणतो, "आज खाडा नको, उद्या बघू." धोका आहे तो या 'उद्या'त!

खुणा ध्यानात ठेवा. पाळी चुकली आहे. ओटीपोटात दुखते, बहुधा एका बाजूला. डाग दिसतो. चक्कर येते. खांद्याच्या टोकाला कळ लागते. सगळ्याच खुणा दिसतील असे नाही. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बाईलाही क्वचित असे होते.

आशाताईंकडच्या लघवीच्या तपासणीत दिवस राहिले एवढे कळते. गर्भ कुठे आहे, ते सोनोग्राफीत पाहतात. मुलगा की मुलगी, हे विचारू नका. तो गुन्हा आहे. कधी डॉक्टर दोन दिवसांनी रक्त तपासायला पुन्हा बोलावतात. जायला चुकू नका. लवकर कळले, तर कित्येकदा औषधाने भागते. उशीर झाला, तर ऑपरेशन करावे लागते. एक नळी काढली, तरी पुढे मूल होऊ शकते.

पोट चोळू नका. काढा देऊ नका. बाई घामाघूम झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडीला पैसे पडत नाहीत. बीडचा जिल्हा दवाखाना आहे, अंबाजोगाईचा मोठा सरकारी दवाखाना आहे. परमुलखात असाल, तर जवळचा मोठा दवाखाना गाठा. पाळी चुकल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.

आजचा धडा एवढाच. पाळी चुकली आणि पोट दुखले, तर 'उद्या' म्हणू नका. खाडा भरून काढता येतो. गेलेली माय परत येत नाही.