मोटारीचे धक्के आणि प्रवासाचें सुख



शहरांतील गुळगुळीत डांबरी रस्त्यावर सुखानें धांवणारी मोटार गांवाच्या खडबडीत वाटेला लागली कीं, तीच अंग मोडून काढते, हा अनुभव अनेक कुटुंबांना परिचित आहे. चालकाला खड्डा आधीं दिसतो, हातांत स्टिअरिंगचा आधार असतो आणि त्याचें शरीर आपोआप सावध होतें. मागच्या बैठकीवर बसलेल्या वृद्ध आईला तो दिसत नाहीं. प्रत्येक धक्का तिच्या पाठीला अवचित बसतो, आणि अशा दोन-तीन प्रवासांनंतर ‘तुम्ही जाऊन या, मी घरींच बरी’ असें ती म्हणूं लागते. घरांतील एक माणूस अशा रीतीनें प्रवासालाच मुकत असेल, तर गाडीचा ताठरपणा घालविण्याचा प्रश्न केवळ चैनीचा राहत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ जण एका वाक्यांत देतात : स्प्रिंगा बदलून टाका. वास्तविक स्प्रिंगेला हात लावण्यापूर्वीं इतर अनेक गोष्टी पाहण्यासारख्या असतात. तथापि स्प्रिंगेचें कार्य कोणतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

चाकानें खड्ड्यांत उतरावें, उंचवट्यावर चढावें, परंतु वरील बैठक शक्य तितकी स्थिर राहावी, यासाठीं स्प्रिंगेची योजना असते. गाडीच्या भारानें स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितका गाडीचा झोका संथ होतो. सुमारें ६ सेंटिमीटर दबणारी साधी स्प्रिंग सेकंदाला दोन झोके देते. २५ सेंटिमीटर दबणारी एकच देते. मिनिटाला ६० ते ९० झोके हें प्रमाण प्रवाशांना सुखकर मानलें जातें. सेकंदाला ४ ते ८ या गतीचीं उभीं कंपनें मनुष्यदेहाला विशेष जाचक होतात. उलटपक्षीं झोका फारच संथ झाला, तर कित्येकांना गाडी लागते. तेव्हां मऊपणालाही मर्यादा आहे.

तपासणीचा प्रारंभ चाकांपासून व्हावा. कोणत्या चाकांत किती हवा असावी, याची पट्टी बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर असते. तेथें ३२ पौंड लिहिलेलें असतांना ४० पौंड हवा भरलेली असेल, तर दुसरें कारण शोधण्याची घाई करूं नये. हवा टायर थंड असतांना मोजावी, आणि पट्टीवरील आंकड्याच्या खालीं कधींही उतरूं नये. कारण कमी हवेचा टायर तापतो आणि खड्ड्यांत रिम वांकते. शोभेसाठीं मोठ्या रिमा व बुटके टायर बसविणाऱ्यानें धक्के स्वतःच विकत घेतलेले असतात, कारण धक्का पोटांत घेणारी टायरची उंचीच त्यानें कमी केलेली असते.

यानंतर सांधे पाहावे. सांध्यांतील रबरी बुश कालांतरानें कडक होतात किंवा चिरतात. कमानपाट्यांच्या गाडींत पाट्यांमध्यें गंज धरला, तर पाटे एकमेकांवर सरकत नाहींत, आणि लहान खड्डे थेट सांगाड्याला ठोकर देतात. १९५८ पासून २०१४ पर्यंत भारतांत तयार झालेल्या अॅम्बॅसडर गाडीला मागें असेच पाटे होते. अनेक मालवाहू गाड्यांना ते आजही असतात. असे पाटे उकलून साफ केले आणि त्यांना योग्य वंगण दिलें, तर गाडीच्या चालींत फरक पडतो.

तिसरा विचार शॉक-अब्सॉर्बरचा. दबलेली स्प्रिंग सुटली म्हणजे पुनःपुन्हां झोके घेऊं पाहते. शॉक-अब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जाऊन ते झोके शमवितें. तो निकामी झाला, तर गाडी डुलत राहते. अतिशय कडक असला, तर स्प्रिंगेला दबूंच देत नाहीं. गाडीचा कोपरा जोरानें दाबून सोडला असतां ती वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. हें पहिलें अनुमान. तेल गळत असल्यास शंकेला जागाच उरत नाहीं.

एवढें करूनही गाडी ताठरच राहिली, तर मग स्प्रिंगेचा विचार करावा. येथें एका घातक समजुतीपासून सावध राहिलें पाहिजे. वेटोळ्या स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापले कीं ती मऊ होते, असें कांहीं जण समजतात. प्रत्यक्षांत वेढे कमी झाले कीं स्प्रिंग अधिक कडक होते; शिवाय गाडी खालीं येऊन तिचें पोट दगडांना लागूं लागतें. मऊपणा येतो तो बारीक तारेनें किंवा अधिक वेढ्यांनीं. तारेची जाडी दहा टक्क्यांनीं उतरली, तर स्प्रिंगेचा कडकपणा एकतृतीयांशानें उतरतो. म्हणून हें काम अंदाजाचें नव्हे. स्प्रिंग फाजील मऊ झाली, तर भरलेली गाडी खड्ड्यांत आपटून शेवटच्या रबरी अडणीवर आदळते, आणि तो धक्का पूर्वींच्याहून वाईट असतो. घाटांतील वळणावर गाडी कलते, ब्रेक लावतांच नाक खुपसते. नव्या स्प्रिंगेला जुळणारा शॉक-अब्सॉर्बरही हवा.

पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचें नातेंही राखावें लागतें. रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेंतील कॅडिलॅक कारखान्यांत गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनीं एका गाडीवर सरकतीं वजनें बसवून प्रयोग केले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षां मऊ असल्या, तर गाडी पुढें-मागें डुलत नाहीं, सपाट उचलली जाते, असें त्यांना आढळलें. फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यानें शेतकऱ्यांसाठीं काढलेली आणि १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेली ‘दोन अश्वशक्ती’ या नांवाची गाडी नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली न फोडतां न्यावी, अशी तिच्या रचनाकारांपुढील अट होती. त्यांनीं नुसत्या स्प्रिंगा मऊ केल्या नाहींत. चाकांना वर-खालीं होण्यास भरपूर जागा दिली आणि पुढचें व मागचें चाक एकमेकांशीं जोडलें.

तेव्हां एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें, तितकींच माणसें बसवून त्याची परीक्षा घ्यावी. खड्ड्याआधीं वेग उतरवावा आणि चाक खड्ड्यांत पडण्यापूर्वीं ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असतांना पुढची स्प्रिंग आधींच दबलेली असते. मागील चाकांच्या माथ्यावरील बैठकीला धक्के सर्वांत अधिक बसतात, दोन्ही आंसांच्या मधल्या जागीं ते सौम्य असतात. स्प्रिंगेचें काम होईल तेव्हां होवो. तोंवर वृद्ध माणसाला पुढच्या आसनावर बसवावें. त्याला खड्डाही दिसेल, आणि प्रवासाला नाहीं म्हणण्याचें त्याला कारण उरणार नाहीं.