द्वेषाचा पक्ष : उदय आणि अस्त

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. कारण दूर झाल्याशिवाय परिणाम नाहीसा होत नाही. या दृष्टीने एका परदेशी पक्षाची कहाणी मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. बाबासाहेबांनी ज्या लंडनमध्ये अध्ययन केले, त्याच शहराच्या पूर्वेकडील कामगार वस्त्यांत तिचा मोठा भाग घडला.

१९८२ साली जॉन टिंडल यांनी ब्रिटिश नॅशनल पार्टी स्थापन केली. सदस्यत्व फक्त गोऱ्यांना! दहा वर्षे या पक्षाला कोणी विचारले नाही. मात्र लंडनची जुनी गोदी बंद पडली होती, कामगार बेकार झाले होते. त्याच जागी श्रीमंतांचे मनोरे उभे राहिले. गरिबाला घर मिळेना. राग मनोऱ्यांवर निघाला नाही, तो शेजारच्या बांगलादेशी कुटुंबांवर निघाला. सप्टेंबर १९९३ मध्ये मिलवॉल प्रभागात या पक्षाचा उमेदवार अवघ्या ७ मतांनी निवडून आला.

मित्रहो, पुढचे नीट ऐका. मे १९९४ मध्ये तेथे पुन्हा निवडणूक झाली. त्या उमेदवाराची मते कमी झाली नाहीत, उलट वाढली. तरीही तो पडला. कारण आदल्या वेळी घरी बसलेले लोक या वेळी मतदानाला बाहेर पडले.

१९९९ साली निक ग्रिफिन नेते झाले. त्यांनी पक्षाला कोट-टाय चढविला आणि घर, रोजगार, शाळा यांची भाषा सुरू केली. बार्किंग-डॅगनहॅम भागात २००२ साली फोर्डच्या कारखान्यातील मोटारींची जुळणी थांबली. नगरपालिकेची घरे १९८० नंतर विकली गेली, नवी फारशी बांधली गेली नाहीत. आफ्रिकी लोकांना घरे घेण्यासाठी गुपचूप पैसे दिले जातात, अशी खोटी पत्रके वाटली गेली. २००६ साली तेथे या पक्षाचे १२ नगरसेवक निवडून आले. २००९ मध्ये देशभरात ९ लाखांहून अधिक मते मिळवून युरोपीय संसदेच्या २ जागा त्याने जिंकल्या.

मग उतरण लागली. सदस्यत्वाची वर्णभेदी अट न्यायालयाने बेकायदा ठरविली. पक्षात भांडणे माजली. परंतु खरा घाव घातला तो दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी. मे २०१० मध्ये ग्रिफिन बार्किंगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि नगरपालिकेतील सर्वच्या सर्व १२ जागा गेल्या. २०१४ मध्ये त्यांची युरोपीय जागा गेली. पुढे पक्षानेच त्यांना काढून टाकले. २०१८ पर्यंत पक्षाचा एकही नगरसेवक उरला नाही.

पक्ष संपला; द्वेष संपला काय? नाही. २०२४ साली साउथपोर्ट गावी तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी निर्वासित आहे, अशी खोटी अफवा उठली आणि अनेक शहरांत दंगली उसळल्या. निर्वासित राहत असलेली हॉटेले पेटविण्याचे प्रयत्न झाले. झाड पडले होते, मुळे जमिनीतच होती.

हे मी तुम्हाला का सांगतो? मी बँकेत कारकून आहे. "कर्ज काय, तुमच्याच लोकांना मिळते," हे काउंटरवर मी अनेकदा ऐकले आहे. कर्जाचे कागद माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून ते खोटे आहे हे मला ठाऊक असते. पण त्याच संध्याकाळी आपल्याच वस्तीतला तरुण मला म्हणतो, "काका, परप्रांतीयांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या." त्याने कुठला आकडा पाहिला? कुठला कागद वाचला? आपण अफवेचे बळी आहोत म्हणून अफवा पसरवीत नाही, असे समजू नका.

नोकरी का नाही, घर का नाही, हे प्रश्न खरे आहेत. ते सरकारला विचारलेच पाहिजेत. आपण ते विचारले नाहीत, तर द्वेषाचा व्यापारी ते आपल्या दारी येऊन विचारील आणि उत्तर म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवील.

विद्यार्थ्यांनी दोन कामे करावीत. ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी तपासावी, आणि वस्तीतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव मतदार यादीत आहे की नाही, हे घरोघर जाऊन पाहावे. मिलवॉलच्या सामान्य माणसांनी मताच्या बळावर जे केले, ते आपल्यालाही अशक्य नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!