स्वयंपाकघर हाही एक कारखानाच



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गिरणीत अपघात झाला की मालकाच्या तोंडून पहिला शब्द निघे तो ‘निष्काळजीपणा’. आम्ही विचारीत असू, फिरत्या पट्ट्याला कुंपण का नव्हते? १९४८ च्या कारखाने कायद्याने ते कुंपण बंधनकारक केले. आज यंत्रे घरात आली आहेत. तेथे शॉक बसला की दोष बाईचा. ओल्या हाताने बटण का दाबलेस? ओला हात नको हे खरेच. पण स्वयंपाकघरात हात ओला व्हायचाच. म्हणून व्यवस्था अशी हवी की, हात चुकला तरी जीव जाऊ नये.

ही व्यवस्था आम्हीही शाळेत शिकलो नाही. ती कोणालाही समजेल. फ्यूज तारेला वाचवितो, माणसाला नव्हे. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. त्याचा शंभरावा हिस्सा छातीतून गेला तरी प्राण जाऊ शकतो. माणसाला वाचविणारे दोघे. पहिले अर्थिंग. फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरली तर ते तिला जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. प्लगची लांब, जाड पिन ती हीच. ती कापणे म्हणजे कुंपण उपटणे. दुसरा, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो.

आता आग. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा सॉकेट व तशीच जाड तार हवी; ६ च्या सॉकेटवर लावली तर तो तापून जळतो. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका; शेगडी बंद करून झाकण घाला. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावर एक फ्रीज पेटला. रहिवाशाने ताबडतोब बंब बोलाविला. तरी ७२ माणसे गेली, कारण इमारतीचे बाहेरचे आवरणच ज्वालाग्राही होते. चौकशीने त्या रहिवाशाला दोष दिला नाही.

तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाला विचारा, अर्थिंग आहे काय? आणि स्वतःचे घर असेल तर स्वतःला विचारा. कारण तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईचा ओला हातही त्याच पत्र्याला लागतो, आणि त्या घरात तिचे मालक आपण आहोत.