कुका म्हणजे गोरखचिंच



येत्या सप्टेंबरात तुमच्यापैकी काही जण जर्मनी, आयर्लंड, कॅनडाला शिकायला निघालेत. म्हणून मला विषय दिला गेला, ‘परदेशात शिकताना आपली संस्कृती कशी टिकवायची’. आधीच सांगून टाकतो, मी शिकायला परदेशात गेलोच नाही. इंजिनिअरिंग केलं पुण्यात, नोकरी मुंबईत, राहायला मीरा रोड. पण परदेशात शिकायला आलेला एक माणूस मी चार वर्षं जवळून पाहिला. त्याच्यासाठी परदेश म्हणजे पुणे. तो उत्तर नायजेरियातल्या कानो शहराचा, मातृभाषा हौसा. हॉस्टेलवर सगळे त्याला ‘कानोवाला’ म्हणायचे, मीही इथं तेच म्हणतो.

पहिल्या वर्षी आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. दर रविवारी तो आईला फोन करायचा. कॉरिडॉरमध्ये उभा राहून, मोठ्या आवाजात, अख्खं बोलणं हौसात. मीही रविवारीच अम्मीला फोन करायचो, पण जिन्यात जाऊन, हिंदीत. आमचं मूळ गाव म्हसळ्याकडचं. घरात कोकणी मुसलमानांची बोली. पण ती ऐकून मुलं हसायची, त्यातले निम्मे तर आपलेच होते. ‘तू मुसलमान आहेस, मग मराठी कसा बोलतोस?’ हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असेल. मी त्यावर उपाय काढला होता: आईशीच हिंदीत बोलायचं. अम्मी पलीकडून बोलीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचो. तिनं त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

कानोवाल्यानं विचारलं. सुट्टीत तो आमच्या घरी आला होता, तेव्हा दादीशी मी कसा बोलतो ते त्यानं ऐकलं होतं. म्हणाला, ‘घरी तू जे बोलत होतास ते फोनवर का नाही बोलत?’ मी म्हटलं, ती काही खरी भाषा नाही, आपली भाषा उर्दू. त्यानं विचारलं, ‘तुझ्या दादीला उर्दू येते?’ येत नव्हती.

मग तो त्याच्याकडचं सांगत बसला. हौसा अरबी लिपीत लिहायची त्यांच्याकडे जुनी परंपरा आहे, तिला अजमी म्हणतात. उस्मान दान फोदियो यांची मुलगी नाना अस्माऊ (१७९३–१८६४) अरबी, फुलफुल्डे आणि हौसा अशा तीन भाषांत कविता लिहायची आणि खेड्यांतल्या बायकांना शिकवायला शिक्षिका तयार करायची. दीन अरबीतून आला तरी बायकांपर्यंत तो हौसातूनच पोचणार, हे तिला कळत होतं. ‘तुमच्यात असं कोण आहे?’ मी गालिबचं नाव सांगितलं. ‘तो उर्दूचा. दादीच्या भाषेत कोण?’ मला एकही नाव सांगता आलं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेलेत, मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात भरलं होतं, हे मला नंतर कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही, मशिदीतही नाही.

आम्ही दोघांनी एक खेळ सुरू केला, दोन्ही भाषांतले अरबी मूळ असलेले शब्द शोधायचे. हौसात खुशालीला ‘लाफिया’, म्हणजे आपली आफियत. ‘लबारी’ म्हणजे खबर. ‘लिस्साफी’ म्हणजे हिशेब. ‘हंकाली’ म्हणजे अक्कल. वेळेला ‘लोकाची’ म्हणतात, मूळ शब्द वक्त. हा ऐकून मी फार हसलो होतो. कानोवाला उशिरा आला की आम्ही म्हणायचो, याची वेळ लोकाचीच.

तो संस्कृती टिकवायला असं वेगळं काही करत नव्हता, रोजचंच करायचा. फजरनंतर मोबाइलवर बीबीसी हौसाच्या बातम्या. ती सेवा १९५७ पासून चालू आहे, त्याचे आजोबाही ऐकायचे. शुक्रवारी जुम्याला घरून आणलेली नक्षीची टोपी. आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक. ‘तुवो’ म्हणजे भात खूप मऊ शिजवून, लाकडी दांड्यानं घोटून केलेला गोळा, तो रश्शात बुडवून हातानं खायचा. बासमतीचा तो होईना. कुणीतरी मावळातला इंद्रायणी तांदूळ आणून दिला. इंद्रायणीचा भात चिकट होतो हे आपल्याला माहीत आहे, त्याला तो शोधच वाटला. पहिल्या वर्षी तो एकटा खायचा. तिसऱ्या वर्षी शुक्रवारी त्या खोलीत दहा-बारा जण असायचे, त्यात सांगलीचे दोन आणि लातूरचा एक. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिकडं गेल्यावर तुम्ही फक्त आपल्यांतच बसून बिर्याणी खाल्ली, तर वर्षभरात त्याचा कंटाळा येईल. समोरच्या खोलीतल्या माणसाला तांदळाची भाकरी खायला घातली, तर ती कशी करतात हे तुम्हाला अम्मीला फोन करून विचारावं लागेल.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

शेवटच्या वर्षी त्याला अंधेरीत दोन महिन्यांचं प्रोजेक्ट मिळालं. स्वस्त खोली हवी होती. मी म्हटलं, मीरा रोडला ये, आमच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट रिकामा आहे. आमची बिल्डिंग कोणाची, तर ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबई सोडून आलेल्यांची. कमिटीतल्या जवळपास प्रत्येकाला कुठं ना कुठं ‘मुसलमानांना घर देत नाही’ हे तोंडावर ऐकावं लागलेलं. त्या कमिटीसमोर मी त्याला घेऊन गेलो. उत्तर मिळालं, हबशी लोक नकोत, रात्रभर पार्ट्या करतात, नशेचा धंदा करतात, शिवाय परदेशी माणूस म्हणजे चोवीस तासांत पोलिसांकडे सी-फॉर्म भरा, कुणी सांगितलंय ते झंझट. त्यांना वाटलं त्याला हिंदी कळत नाही. कानोत लोक पिढ्यान्‌पिढ्या हिंदी सिनेमे बघत आलेत, तिथल्या हौसा सिनेमांतली गाणीसुद्धा त्याच वळणाची असतात. आणि हा तर चार वर्षं पुण्यात राहिलेला. त्याला शब्दन्‌शब्द कळला.

मी काय म्हणालो? ‘जी चाचा.’ एवढंच.

ज्या मलिक अंबरचं नाव आपण अभिमानानं घेतो तो हबशी होता. जंजिऱ्याचे सिद्दी आमच्या म्हसळ्यापासून फार लांब नाहीत. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरीही ‘जी चाचा’.

शेवटी खाडीपलीकडे वसईत एका ख्रिस्ती मावशींनी खोली दिली. सी-फॉर्म त्यांनी स्वतः चौकीत नेऊन दिला. मावशी घरात त्यांची बोली बोलायच्या, पाहुण्यांसमोरसुद्धा, अजिबात न लाजता. पावसाळ्यात एका रविवारी मी त्याला भेटायला गेलो. भेटायला म्हणजे माफी मागायला, पण ती मागितली गेली नाही. तो मला हाताला धरून रस्त्याकडेच्या एका जाडजूड बुंध्याच्या झाडाखाली घेऊन गेला. म्हणाला, ‘कुका!’ ती गोरखचिंच होती. वसईत आणि मुंबईत ही झाडं आहेत, मूळची आफ्रिकेतली, समुद्रावरून कधीतरी इकडे आलेली. तिच्या वाळलेल्या पानांच्या भुकटीचा रस्सा म्हणजे ‘मियान कुका’, कानोत घरोघरी होतो. चार वर्षं तो आईनं दिलेली भुकटी चिमूट-चिमूट वापरत होता. मावशींनी त्याला पानं काढून दिली, गच्चीवर वाळवायला सूपही दिलं.

त्या दिवशी इंद्रायणीचा तुवो आणि वसईच्या पानांचा मियान कुका आम्ही तिघांनी खाल्ला. चव बुळबुळीत, भेंडीसारखी. खरं सांगतो, मला फारशी आवडली नाही. जेवताना अम्मीचा फोन आला. बाहेर जायला दुसरी खोली नव्हती. मी दोघांसमोर, अडखळत, बोलीत बोललो. अम्मीनं मध्येच विचारलं, तब्येत बरी आहे ना?

तो २०११ साली परत गेला. आता कानोत शिकवतो. ईदला त्याचा आवाजातला मेसेज येतो, अर्धा हौसात. माफी मी अजून मागितलेली नाही.

मी मात्र आता त्याच कमिटीत आहे. एका नायजेरियन विद्यार्थ्याचा भाड्यानं फ्लॅट मागणारा अर्ज आलाय. येत्या रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे. नकार देणारे कोण आहेत ते मला ठाऊक आहे, त्यातले दोघं मला लहानपणापासून ओळखतात. या वेळी मी बोलणार आहे. तुमच्यापैकी जे त्या बिल्डिंगमध्ये राहतात त्यांनी आपापल्या अब्बांना घेऊन खाली या. आणि जे सप्टेंबरात निघालेत त्यांनी जमलं तर नक्की या, कारण तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्हालाही घर शोधायचंय.