परमुलखाचे पाणी

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांतून मुले घाट चढून बाहेर पडतात. कोणी कोल्हापूरला, कोणी पुण्याला, कोणी सोलापूरला. सहामाहीच्या सुट्टीत त्यांतली एकदोन मुले ट्रंक घेऊन परत येतात ती पुन्हा जातच नाहीत. का रे बाबा, असे विचारले तर घरातून एकच उत्तर मिळते, "तिकडचे पाणी मानवले नाही." यापुढे कोणी काही विचारत नाही. आज मला या एका वाक्याविषयी बोलायचे आहे, कारण ते वाक्य मीही एकदा बोललो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

माझी पहिली नोकरी सोलापूरकडच्या एका गावी होती. २०१५ साल. समुद्रकाठच्या घरातून थेट तिथे गेलो. पहिल्याच दिवशी आंघोळीला साबण लावला तर फेस येईना. डोक्यावरचे केस राठ झाले. तूरडाळ दोन तास शिजवली, तरी दाणा वेगळा तो वेगळाच. चहाला आपल्या विहिरीच्या पाण्याची चव नव्हती. मला वाटले, पाण्यात काही खोट आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. विज्ञान शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने मला हे समजावून सांगितले. आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्या दगडातले विरघळण्याजोगे क्षार युगानुयुगे धुऊन गेलेले आहेत. म्हणून आपल्या गोड्या विहिरींचे पाणी बहुधा हलके, साबणाला लगेच फेस देणारे. सोलापूरकडे पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. खाली काळा पाषाण, आणि त्याच्या भेगांत पाणी वर्षानुवर्षे मुरलेले. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. डाळीच्या दाण्यातले कण एकमेकांना धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, त्याला कॅल्शियम आणखी घट्ट करते. म्हणून डाळ शिजत नाही. तिथल्या बायकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. शेजारच्या खालाजानने सांगितले, डाळ रात्री भिजत घाल, पाणी आधी उकळून निवू दे, तळाशी पांढरे बसेल ते टाकून वरचे पाणी घे, आणि अगदीच अडले तर चिमूटभर सोडा. डाळ शिजली.

हे पाणी बेचव असेल, पण ते आजार नव्हे. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा योग्य मानला आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. पोट आठवडाभर कुरकुरते आणि मग गप्प बसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथली गोष्ट निराळी. ते उकळून जात नाही, आणि लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. तिथे लहान मुले घेऊन राहायला जाणाऱ्यांनी पाणी तपासून घ्यावे.

आता माझी चूक सांगतो. गावातल्या एका वसतिगृहात आपल्याच बाजूचा अकरावीचा एक मुलगा होता. मी कोकणातला म्हणून संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचा. जूनमध्ये आला, ऑगस्टमध्ये त्याचे जेवण सुटले. म्हणाला, "सर, भाकरीचा वाससुद्धा नको वाटतो. मळमळते." अंगात थोडी कसर होती. मी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितले, "पाणी बदलले आहे. ज्वारीची सवय नाही तुला. महिनाभरात बसेल सगळे." त्याला आपल्याकडची तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण आठवत असेल, असे मी धरून चाललो. मलाही तेच आठवत होते ना! दहाव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. त्या आठवड्यात आणखी तीन मुलांना झाली, आणि त्यांतली दोन तिथल्याच तालुक्यातली. त्यांचे पाणी कुठे बदलले होते? मग आम्ही काही जण वसतिगृहाच्या गच्चीवर चढलो. टाकीला झाकण नव्हते. खाली नळाचा पाइप गटारातून गेला होता आणि त्याचा सांधा गळत होता.

मुलगा बरा झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण दोन महिने घरी गेले, सहामाही बुडाली, आणि चुलत्याने त्याला मुंबईत दुकानावर लावले. हुशार मुलगा होता. त्याच्या घरी आजही सांगतात की सोलापूरचे पाणी त्याला मानवले नाही. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला चहा दिला.

क्षारांचे पाणी आणि घाणीचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "मानवले नाही" हा शब्द दोघांनाही एकाच चादरीखाली झाकतो. चादर ओढली की टाकी कोणी बघत नाही. परक्या गावी गेल्यावर आठवडाभर पोट नरम-गरम राहील, चालेल. पण ताप, सतत मळमळ, गडद पिवळी लघवी, रक्ताची आव किंवा थांबत नसलेले जुलाब यांना पाणी बदलणे म्हणू नका, डॉक्टरकडे पाठवा. जुलाब होत असतील तर तोवर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच. पिण्याचे पाणी खळखळ उकळले की निदान एक मिनिट आचेवर राहू द्यावे.

जेवणाचे दुखणे याहून हळवे आहे. आमच्या माता ट्रंकेत तांदळाचे पीठ, आमसुले आणि सोडे भरून देतात. सोड्यांच्या वासावरून वसतिगृहांत किती भांडणे होतात, त्याचे वेगळे भाषण होईल. द्या, जरूर द्या. पण मुलाला ज्वारीही खाऊ द्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती काही गरिबाची शिक्षा नव्हे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते म्हणून ते कढत पाण्यात मळतात. मी शिकलो तेव्हा माझ्या पहिल्या भाकरीचे चार तुकडे तव्यावरच झाले होते. ताज्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल, हे मला आता इथे आठवते.

परमुलखाच्या पाण्याची ही तक्रार नवी नाही. हिजरतीनंतर, इ. स. ६२२ मध्ये, मदिनेत पोचल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने पडले. तापात हजरत बिलाल यांना मक्केचे खोरे, तिथले गवत आणि मजन्नाचे पाणी आठवत होते, असे बुखारी शरीफमध्ये आहे. हुजूर (स.) यांनी त्यांना परत जा म्हटले नाही. मदिना आम्हांला प्रिय कर, तिची हवा निरोगी कर आणि तिच्या धान्याच्या मापांत बरकत दे, अशी दुआ केली. त्याच मदिनेत गोड्या पाण्याची रूमा विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. दुआ झाली आणि विहिरीची सोयही झाली. आपण फक्त पहिला भाग घेतो.

आपल्या महाराष्ट्रातही मलिक अंबरचे उदाहरण आहे. हबशाच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी पुढे शतकानुशतके शहराला पाणी पुरवीत राहिली. परक्या मुलखात येऊन पाण्याचा बंदोबस्त कसा करावा हे त्याच्याकडून शिकावे.

येत्या जूनमध्ये मुलामुलीला सोडायला जाल तेव्हा फी आणि खोली पाहून लगेच परतीची एस.टी. पकडू नका. पाणी कुठून येते, टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा. गच्चीवर जाऊन झाकण बघा. शिडी नाही म्हणाले, तर मग ती टाकी धुतात कशी, तेही विचारा.