एक घर, एक कुत्रा



आज आम्ही तुम्हाला एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहोत. कुत्रा जर्मनीतला आहे. पण गोष्ट आपल्या ओळखीची वाटेल.

जुन्या काळी जर्मनीत मोठ्या शिकारीचा हक्क राजे आणि सरदार यांचाच होता. हरणं आणि रानडुकरं शेत तुडवून जात. शेतात घाम शेतकऱ्याचा. पण त्या जनावराला हात लावायची त्याला बंदी! मारलं तर शिक्षा.

सरदारांच्या पदरी कुत्र्यांचा ताफाच असे. एक कुत्रा पाखरू हुडकायला. दुसरा पाण्यात पडलेलं बदक आणायला. तिसरा जखमी जनावराचा माग काढायला.

१८४८ साली जर्मनीतले लोक उठले. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायचा सरदारांचा हक्क गेला. हक्क जमिनीबरोबर आला. पुढे लहान जमिनी एकत्र धरून गावोगाव शिकारीचा मक्ता देऊ लागले. साधी माणसंही शिकारीला निघाली. पण दहा कुत्री पोसणार कोण? घरात कुत्रा एकच. मग सगळी कामं त्यानंच करायला हवीत!

असा कुत्रा आभाळातून पडत नाही. तो निवडून तयार करावा लागतो. स्पेनकडून आलेला जुना कुत्रा नाकाचा चांगला होता, पण अंगानं जड आणि चालीनं मंद. त्याच्या वंशात इंग्लंडच्या चपळ पॉइंटर कुत्र्याचं रक्त मिसळलं. आल्ब्रेख्त नावाचे एक राजपुत्र होते. कुत्र्याची पारख रूपावरून नको, कामावरून करा, असा त्यांनी आग्रह धरला. १८९१ साली या जातीची संघटना निघाली. जातीचं नाव कुर्ट्सहार, म्हणजे आखूड केसांचा. इंग्रजीत त्याला जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर म्हणतात.

हा कुत्रा काय काय करतो? झुडपात तित्तर लपलेला असला, की त्याला वास लागतो. तो भुंकत नाही. पुढचा एक पाय उचलतो, नाक रोखतो आणि दगडासारखा उभा राहतो. शिकाऱ्याला खूण पटते. पाखरू पडलं, की तो दात न रुतवता ते आणून देतो. गार पाण्यातही उडी घेतो. हरीण जखमी होऊन पळालं, तर रक्ताच्या वासावर माग काढतो.

हे शेवटचं काम सगळ्यांत मोठं. जखमी जीव रानात तडफडत सोडू नये. म्हणून जर्मनीच्या बऱ्याच प्रांतांत कायदाच आहे, की ठरावीक शिकारीला शिकवलेला कुत्रा बरोबर हवा. त्यासाठी कुत्र्याची परीक्षा होते. हक्क आला, तशी जबाबदारीही आली.

आता काही देशांत हेच नाक विमानतळावर लपवलेली स्फोटकं हुडकतं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा शिकार शिका, असं आम्ही म्हणत नाही. पण बैल घेताना आपण नुसती शिंगं रंगवलेली बघतो का? त्याला चालवून बघतो, जुंपून बघतो. त्या लोकांनी कुत्रा असाच पारखला. बी असो, बैल असो, की गावचा कारभारी असो, कामावरून पारखावा. नाही का?