दार बंद, पण घर शाबूत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. ‘विंडोज ११’ साठी संगणकात सुरक्षेची ठरावीक सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर हवा, अशी कंपनीची अट आहे. कालपर्यंत बिनतक्रार राबणारी असंख्य यंत्रे या एका अटीने बाद ठरली. ज्या संघटनांना नवे यंत्र परवडत नाही, त्यांना लिनक्सचा मार्ग खुला आहे. ‘लिनक्स मिंट’ ही त्यातली नवख्याला सोपी जाणारी प्रणाली. हा मार्ग स्वीकारणे इष्टच आहे. परंतु मार्ग बदलला म्हणजे खाचखळगे संपले, असे मानणे हा भाबडेपणा होय.

एक नेहमीची अडचण घ्यावी. मिंट २१ वरून, २०२४ साली आलेल्या मिंट २२ वर यंत्र अपग्रेड केले जाते. ते पुन्हा सुरू होते, पासवर्ड विचारते. पासवर्ड अचूक दिला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच प्रवेशाचा पडदा समोर येतो. पासवर्ड चुकला तर यंत्र तसे सांगते; येथे मात्र ते काहीच न सांगता माणसाला दारातून परत पाठविते. मग कोणी जाणकार सांगतो, “सगळे फॉरमॅट मारा.” त्या यंत्रात सभासदांची यादी असते, वर्गणीचा हिशेब असतो, रेशनकार्डासाठी खेटे घालणाऱ्यांचे अर्ज असतात. कुलूप बिघडले म्हणून घर पाडावे, असा हा सल्ला आहे.

ओळख पटणे आणि आत प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पासवर्ड मान्य झाल्यावर त्या व्यक्तीचे कामाचे सत्र उभे राहावे लागते. बिघाड तेथे आहे. म्हणून पुन्हा पुन्हा पासवर्ड बदलणे व्यर्थ होय. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की अक्षरांचा साधा काळा पडदा उघडतो. हे घराचे मागचे दार. तेथे तेच नाव, तोच पासवर्ड चालला, तर ओळख शाबूत आहे आणि बहुधा कागदपत्रेही जागच्या जागी आहेत. अर्धे निदान येथेच झाले.

पुढची पायरी नोंदी वाचण्याची. ‘जर्नल-सीटीएल’ ही आज्ञा दिली की यंत्राने काय केले आणि कोठे अडले याचा वृत्तान्त समोर येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दफ्तर पाहण्याचा हक्क मिळाला. येथे तो हक्क प्रणालीच्या घडणीतच आहे. नोंद न वाचता उपाय करणे म्हणजे चौकशीआधी निकाल देणे.

कारणे बहुधा तीन. पहिले, जागा संपणे. अपग्रेडसाठी उतरविलेल्या फाईली आणि ‘टाइमशिफ्ट’ने घेतलेल्या जुन्या प्रती डिस्क भरून टाकतात. ‘डीएफ’ या आज्ञेने हे कळते. गंमत अशी, की डिस्कवरील ५ टक्के जागा सहसा ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्यासाठी राखीव असते. म्हणून यंत्र चालू राहते आणि सामान्य वापरकर्ता तेवढा बाहेर राहतो! ‘एपीटी क्लीन’ने उतरविलेल्या फाईली काढाव्यात, टाइमशिफ्टची ताजी प्रत ठेवून जुन्या पुसाव्यात.

दुसरे कारण मालकीचे. वापरकर्त्याच्या घरात ‘एक्स-ऑथॉरिटी’ नावाची दडलेली फाईल असते. एखादा चित्रमय कार्यक्रम ‘सुडो’च्या अधिकाराने चालविला, तर तिची मालकी रूटकडे जाऊ शकते. मग आपल्याच घरातली फाईल वापरकर्त्याला उघडता येत नाही. ‘सीएच-ओन’ने मालकी मूळ धन्याला परत करावी, काम भागते.

तिसरे, अर्धवट राहिलेले अपग्रेड, किंवा नव्या कर्नेलशी न जुळणारा चित्रपत्त्याचा ड्रायव्हर. पहिल्यासाठी ‘डीपीकेजी’ला उरलेली जुळणी पुरी करावयास सांगावे. दुसऱ्यासाठी यंत्र सुरू होताना प्रगत पर्यायांतून जुना कर्नेल निवडावा.

ही पारदर्शकता आपोआप आलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना आला. कार्यक्रम वाचावा, बदलावा, वाटावा, हा हक्क त्यात लिहिलेला आहे. परंतु कागदावरचा हक्क म्हणजे हातातली सत्ता नव्हे. शाखेत एकाच माणसाला हे ज्ञान असेल, तर कंपनीची मक्तेदारी जाऊन त्या एकाची मक्तेदारी येते. आणि तो गावाला गेला की कार्यालय बंद पडते.

म्हणून प्रत्येक शाखेत किमान दोघांनी हे काम शिकावे. या आज्ञा वहीत लिहून ठेवाव्यात, कारण यंत्र अडले की यंत्रातली टिपणे वाचता येत नाहीत. अपग्रेडपूर्वी कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. टाइमशिफ्ट प्रणाली जपते, वैयक्तिक फाईली ते आपण होऊन जपत नाही. सभासदांची यादी ही संघटनेची ठेव आहे. तिची किल्ली एकाच्या खिशात राहू नये, एवढी दक्षता तरी समाजवादी कार्यकर्त्याने घेतलीच पाहिजे.